आधी झटकायचं, मग भिजवायचं

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी, माझं त्यात काही जात नाही. फक्त वाचून झाल्यावर लगेच मोठ्याने काही बोलू नका. का, ते शेवटी कळेल.

आणि यात अमावास्येची रात्र शोधू नका. जे घडलं ते टळटळीत दुपारी घडलं. उन्हाळ्यातला बुधवार होता, डोक्यावर ऊन होतं, आणि रस्त्यावर स्वतःच्या सावलीचीसुद्धा सोबत नव्हती.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचे भावजी. त्यांनी ही गोष्ट रचली असेल अशी शंका घेऊ नका. गोष्ट रचायला डोकं थोडं ढिलं लागतं. भावजींच्या डोक्याचे सगळे स्क्रू घट्ट आहेत. हा गृहस्थ विनोद सांगायला बसला तर आधी तो कुणाकडून ऐकला ते सांगतो, आणि मग विनोद विसरतो.

आमच्याकडे त्यांचं नाव शंकासुर.

पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा सगळे ताईकडे बघत होते, हे छताकडे. चहाचा कप हातात तसाच, आणि बाबांना पहिला प्रश्न काय? "हे पत्रे कधीचे?"

बाबा म्हणाले, "अहो, मुलीबद्दल विचारा की काहीतरी."

"मुलगी नंतर बघू," हे म्हणाले. "पत्र्याला तडा आहे."

ताईने त्यांनाच पसंत केलं. तिचं गणित साधं होतं. जो माणूस दुसऱ्याच्या छताची एवढी काळजी करतो, तो स्वतःच्या माणसांना वाऱ्यावर सोडणार नाही.

भावजींचं काम म्हणजे जुन्या इमारतींमध्ये ॲस्बेस्टॉस शोधणं. पूर्वी हे सगळीकडे घालायचे. पत्र्यात, छताच्या पाट्यांत, गरम नळांच्या गुंडाळीत. आग लागत नाही, गंजत नाही, स्वस्त पडतं. भिंतीत गप्प पडून असतं तोवर ठीक. पण फुटलं, घासलं, झटकलं, की त्याचे तंतू हवेत उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत. माणूस श्वास घेतो आणि ते छातीत जाऊन बसतात. वर्षानुवर्षं बसतात. मग एक दिवस जिना चढताना दम लागतो... आणि तो दम परत येत नाही.

म्हणून जुनी इमारत पाडायची किंवा दुरुस्त करायची असली की आधी भावजींना बोलावतात. ते पांढरा सूट चढवतात, एकदाच वापरून टाकायचा. तोंडाला मास्क. जागा आधी पाण्याने भिजवायची, म्हणजे धूळ उडत नाही. मग नखाएवढा तुकडा काढायचा, पिशवीत पिशवी घालून बंद करायचा, भोकावर पट्टी चिकटवायची. तुकडे लॅबमध्ये. ते सांगतात, आहे की नाही.

आणि जिथे आत जाताच आलं नाही? कुलूप आहे, भिंत बांधून काढलीय, तुकडा काढता येत नाही?

तिथे आहे, असंच धरायचं.

त्यांच्या धंद्याचा हा पहिला नियम. "'आहे' फुकट मिळतं," भावजी सांगायचे. "'नाही' कमवावं लागतं."

दुसरा नियम घरचा होता. तो त्यांच्या उस्तादांनी घालून दिलेला. या कामात हात धरून शिकवणारा म्हातारा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कारखान्यातले कामगार खोकून खोकून मेले, ते समजलं. पण त्यांच्या बायका? त्या कधी कारखान्याची पायरी चढल्या नव्हत्या. त्या कशाने मेल्या?"

आणि उत्तरही म्हाताऱ्यानेच दिलं.

"नवरे घरी यायचे. बायका त्यांचे कपडे घ्यायच्या, झटकायच्या, आणि मग भिजवायच्या. बस. एवढंच."

तेव्हापासून कामावरून आले की भावजी दारातच दोन्ही हात वर करून उभे. त्यांची लेक चिमी धावत यायची आणि हातभर अंतरावर ब्रेक लावायची.

"बाबा, धुतलेला की न धुतलेला?"

"न धुतलेला."

"मग जा!"

सरळ न्हाणीघर. डोक्यावरून अंघोळ. मग धुतलेला बाबा बाहेर यायचा आणि पोरगी त्याच्या गळ्यात पडायची. साइटवर सूट टाकून, अंग पुसूनच यायचे, तरीही. माझी बायको म्हणायची, तुमच्या भावजींना वेड लागलंय. मी म्हणायचो, वेड असलं तरी स्वच्छ आहे.

आता त्या बुधवाराकडे येतो.

शहराच्या कडेला एक कारखाना होता. भट्टीच्या नळांना गुंडाळायचा ॲस्बेस्टॉसचा माल तिथे तयार व्हायचा. कारखाना केव्हाच पाडला. मागे एक लांबट, बसकी इमारत उरली होती. धुण्याचं घर. कामगारांच्या बायका तिथे नवऱ्यांचे कामाचे कपडे धुवायच्या. ती इमारत एका माणसाने घेतली होती, आणि त्याला तिथे पाळणाघर काढायचं होतं.

हो. लहान मुलांचं पाळणाघर.

या मालकाला मी नंतर भेटलो. गोड माणूस. गोड माणसांचा एक हिशोब असतो. ते तुमच्याकडून काय घ्यायचं ते आधी ठरवतात आणि मग तुमच्या तब्येतीची चौकशी करतात.

"साहेब, तुम्हाला लेक आहे ना?" त्याने भेटल्या भेटल्या विचारलं. "तिची जागा इथे पक्की समजा. पहिल्या रांगेत."

आता लाच काय पाकिटातूनच द्यावी लागते? ताईला तेव्हा नवी नोकरी लागली होती. चांगली, मनासारखी. रुजू व्हायची तारीख जवळ आलेली आणि चिमीला ठेवायला कुठेच जागा मिळत नव्हती. जिथे जावं तिथे "नाव लिहून ठेवतो". ताई रोज थोडी जास्त चिडत होती. हे मालकाला कुठून कळलं देव जाणे. पण गोड माणसांना कळतं.

भावजी ऐकून न ऐकल्यासारखं करून कामाला लागले. पुढचा हौद, मधली मोरी, वरचे पत्रे, नळ. सगळीकडे भिजवलं, तुकडे काढले, पट्ट्या लावल्या. पत्र्यात असणार हे त्यांना बघताच कळलं होतं. ते काढता येईल. नळांची गुंडाळी, तीही काढता येईल.

राहिली शेवटची खोली.

मागच्या टोकाला एक दार होतं. लोखंडी. चौकटीवर आडवी पट्टी वेल्डिंग करून मारलेली. खिडकी नाही. दाराच्या खाली बोटभर फट, तेवढीच.

"ती रिकामी आहे," मालक लांबूनच म्हणाला. "कपडे सुकवायची खोली. त्यात काही नाही."

"तुम्ही आत गेलायत?"

"मी कशाला जाऊ? ज्याने विकली त्याने सांगितलं."

"मग पट्टी कापावी लागेल. नाहीतर मी 'आहे' असं धरणार."

"अहो, धरणार म्हणजे? म्हणजे सगळं अडलं ना! कटर आणा, परवानगी आणा... पोरं काय मोठी होऊन कॉलेजात गेल्यावर येणार का इथे?"

तेवढ्यात भावजींचा फोन वाजला. ताई. हे सांगताना ताई अजून रडते, म्हणून जसं आहे तसंच लिहितो.

"अहो शंकासुर, विचारलंत का चिमीचं?"

"काम चालू आहे."

"तुमचं काम कायम चालूच असतं. मी काय पोरीला ऑफिसच्या कपाटात ठेवू? एकदा, फक्त एकदा, कुणाला तरी 'ठीक आहे' म्हणा. जीभ झडणार नाही."

फोन बंद झाला. मालक हसत उभा होता. भावजी काम करताना एका छोट्या रेकॉर्डरवर बोलत जायचे, म्हणजे ओले हात कागदाला लागत नाहीत. त्यांनी तो तोंडाशी धरला. घाम, ऊन, मास्कच्या आतला स्वतःचाच गरम श्वास. आणि आयुष्यात पहिल्यांदा, न कमावता, ते म्हणाले,

"मागची खोली. काही नाही."

मालक खूश होऊन फोन लावायला बाहेर गेला.

आणि...

फट्.

आवाज दाराच्या आतून आला होता. ओळखीचा, घरगुती. भावजींना क्षणभर वाटलं, कुठेतरी शेजारी कुणीतरी धुणं वाळत घालतंय.

फट्... फट्...

जाड कापड दोन्ही हातांनी धरून जोरात झटकावं, तसा.

ते खाली वाकले. दाराखालच्या फटीतून पाहिलं. आत ऊन होतं. छताला कुठेतरी भोक असावं, कारण एक तिरीप सरळ जमिनीवर पडली होती. खोली रिकामी होती. पाय नाहीत. कापड नाही. दोरीसुद्धा नाही.

फट्...

आणि त्या तिरीपीत धुळीचा लोट उठला.

पुन्हा फट्. पुन्हा लोट. झटकणारं कुणी नाही, झटकायला काही नाही, आणि धूळ मात्र प्रत्येक आवाजाला, दर खेपेला, उठत होती.

मग आवाज थांबला. धूळ हळूहळू खाली बसली. भावजी अजून वाकलेलेच होते. तेव्हा दाराच्या पलीकडून, अगदी त्यांच्या कानाच्या उंचीवर, कुणीतरी श्वास घेतला. तुटका. अर्ध्यावर अडकलेला. आणि बाईचा आवाज म्हणाला,

"पुन्हा... बोल."

भावजी पळाले नाहीत. थोड्या वेळाने मालकाने हाक मारली तेव्हा ते सरळ झाले, सामान उचललं आणि बाहेर आले. मग नेहमीसारखं सगळं रीतसर केलं. ओल्या फडक्याने अंग पुसलं. सूट आतून बाहेर उलटत काढला.

काढताना दिसलं, सूटच्या खांद्यांवर राखाडी बोटं उमटली होती. दोन्ही खांद्यांवर. मागून धरून, झटकण्यासाठी उचलावं तशी.

त्यांनी सूट पिशवीत कोंबला, पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि घरी आले.

दार चिमीने उघडलं. भावजींनी सवयीने हात वर केले.

ती धावली नाही. प्रश्नही विचारला नाही. त्यांच्या पाठीमागे जिन्याकडे बघत राहिली.

"बाबा... त्यांना पण अंघोळ घालायची?"

"कुणाला गं?"

"त्या बायकांना. त्या तर खूपच न धुतलेल्या आहेत."

आतून ताईचा आवाज आला. "घ्या! आता बायका पण घेऊन यायला लागलात का घरी? एक पुरत नाही वाटतं?"

भावजींनी मागे वळून पाहिलं. जिना मोकळा होता. घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पोरीला धीर द्यायला ते हसले आणि म्हणाले,

"कुणी नाही, बाळा. मी एकटाच आहे."

...फट्.

गॅलरीतून. काचेचं दार लावलेलं होतं. बाहेर दोरीवर एकही कपडा नव्हता.

ताई म्हणाली, "वाऱ्याने काहीतरी आपटलं वाटतं."

त्या दिवशी वारा नव्हता.

पुढचे काही दिवस भावजींनी कुणाला काही सांगितलं नाही. शंकेखोर माणसाची हीच गंमत असते, सगळ्या जगावर शंका घेतो आणि स्वतःच्या कानांवर सगळ्यात जास्त. फट् असा आवाज यायचा, कधी सकाळी, कधी भर दुपारी. ताईला वाटायचं वरच्या मजल्यावरची बाई. वरच्या बाईला वाटायचं ताई. एकदा ती तावातावाने खाली आली. "अहो, धुणं झटका, पण आमच्या खिडकीत कशाला? गाद्या पांढऱ्या झाल्या!"

ताई म्हणाली, "मी मशीनमध्ये धुते हो. मी कशाला झटकू?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

मग रविवारी, जेवणं झाल्यावर, भावजी जरा आडवे झाले होते. डोळा लागणार तेवढ्यात...

फट्.

या खेपेला आवाज लहान होता. हलका.

ते उठून गॅलरीकडे गेले. चिमी उन्हात उभी होती. तिच्या हातात बाहुलीचा झगा होता. पायाशी बाहुलीच्या कपड्यांचा ढीग, आणि भावजींचा धुऊन घडी केलेला शर्ट. ती एकेक कपडा उचलत होती, दोन्ही हातांनी धरत होती, आणि सगळा जोर लावून झटकत होती.

"चिमे, काय करतेस?"

"आधी झटकायचं," ती वळून न बघता म्हणाली, "मग भिजवायचं. नाही झटकलं तर त्या ओरडतात."

तिने शर्ट उचलला. फट्.

स्वच्छ धुतलेल्या शर्टातून राखाडी धूळ उडाली. एवढी, की पलीकडची इमारत दिसेना. आणि ती धूळ उन्हात चमकत, सावकाश, पोरीच्या केसांवर, पापण्यांवर, उघड्या तोंडावर उतरू लागली.

भावजी ओरडले, "श्वास घेऊ नकोस!"

पोटच्या पोरीला असं सांगायची वेळ कुणा बापावर येऊ नये.

तिने दचकून दीर्घ श्वास घेतला. लहान मुलं दचकली की घेतात तसाच.

त्यांनी तिला उचललं, न्हाणीघरात नेलं, मास्क स्वतःला लावायचा सोडून तिच्या तोंडावर दाबला आणि पाणी सोडलं. ताई धावत आली तर नवरा कपड्यांसकट शॉवरखाली आणि पोरगी किंचाळतेय. तेव्हा कुठे त्यांनी ताईला सगळं सांगितलं.

गॅलरीच्या कठड्यावरची धूळ त्यांनी ओल्या कापसाने टिपली, पिशवीत घातली आणि लॅबला पाठवली. साइटचं नाव दिलं नाही.

लॅबवाला ओळखीचा. त्याचा फोन आला. "काय राव, हे कुठून आणलं? आहे. शंभर टक्के आहे. पण हा माल कुठल्या पत्र्यातला, पाटीतला नाही. कच्चा आहे. कारखान्यात पिंजतात ना, तेव्हा अंगावर बसतो तसला. हा आता मिळत नाही कुठे. माझ्या साहेबांनी कधी पाहिला असेल."

त्याच दिवसापासून चिमी खोकायला लागली.

कोरडा खोकला. एखाद्या म्हाताऱ्या बाईसारखा, वाकून, भिंतीला हात टेकून. डॉक्टरांनी तपासलं, फोटो काढला, दिव्यासमोर धरला आणि हसून म्हणाले, "घाबरू नका. छातीत काही नाही."

भावजी सांगतात, डॉक्टरांच्या तोंडून 'काही नाही' निघालं आणि चिमीचा श्वास अडकला. पुढचा खोकला सुरू झाला तो गाडीत, जिन्यात, घरात, संपेचना. ताईने तिला छातीशी धरलं होतं. ताई म्हणते, पोरीच्या बरगड्यांमध्ये काहीतरी घासल्याचा आवाज येत होता.

भावजींनी उस्तादांना फोन लावला. म्हातारा आता स्वतःच दोन शब्दांनंतर थांबतो. सगळं ऐकून घेतलं.

"धुण्याचं घर," ते म्हणाले. "मी तरुणपणी... पाहिलंय. मागच्या खोलीत बायका कपडे झटकायच्या. दार लावून. धूळ बाहेर... साहेबांच्या बागेत जायला नको, म्हणून."

"आणि?"

"खोकायला लागल्या. तक्रार केली. तपासणीला साहेब आले. नाकाला रुमाल लावून... दारापर्यंत. आत कुणी गेलं नाही. दारातूनच म्हणाले, 'काही नाही.' दर वेळी एक नवा साहेब. दर वेळी... तेच." खूप वेळ नुसता श्वास ऐकू आला. "तू काय म्हणालास?"

"तेच," भावजी म्हणाले.

"न बघता?"

"न बघता."

"गाढवा," म्हातारा म्हणाला. इतक्या मायेने कुणी कुणाला गाढव म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, असं भावजी सांगतात. "जा. आत जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी भावजी कटर घेऊन हजर. मालक भडकला. गोडवा संपला की आतला माणूस कसा निघतो ते भावजींनी पाहिलं.

"तुम्ही तेव्हा बोललात ना, काही नाही म्हणून? मी सगळ्यांना सांगून बसलोय! पालक नावं लिहून गेलेत!"

"मी न बघता बोललो."

"मग आता बघून तेच बोला!"

पट्टी कापली. दार ढकललं. मास्क चढवून भावजी आत गेले. मालक रागाने तसाच, उघड्या तोंडाने, मागोमाग.

खोली रिकामी होती.

छताला साधा लाकडी तक्ता, एका जागी फुटलेला. भिंती चुन्याच्या. नळ नाही, पाटी नाही, पत्रा नाही. भावजींनी इंच न् इंच तपासला. भिजवलं, खरवडलं. या खोलीत खरंच काही नव्हतं. भिंतीवर लोखंडी खुंट्या होत्या, रांगेने, बायकांच्या हाताला येतील इतक्या उंचीवर. आणि जमिनीवर धूळ होती, सपाट, न मोडलेली. त्यात मालकाच्या बुटांचे ठसे उमटत होते. भावजींचे उमटत होते.

बाकी कुणाचे नाहीत... अजून तरी.

"बघितलंत?" मालक खोलीच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. "ओरडून ओरडून सांगत होतो. काही नाही! काही एक नाही!"

फट्.

मालकाने वर पाहिलं.

फट्. फट्. फट्.

चारही भिंतींकडून. प्रत्येक खुंटीखालून. रिकाम्या हवेतून धुळीचे लोट उठायला लागले, आणि दर आवाजाला मालकाचा कोट खांद्यांपाशी वर उचलला जाऊ लागला. तो अंगात असतानाच. मागून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून झटकत होतं. मालक बाहुलीसारखा हलत होता, तोंड उघडं, डोळे भावजींवर. त्या आवाजांच्या मधून तुटके, अर्धे, अडकलेले श्वास येत होते. एकीचे नव्हेत.

भावजींच्या हातात रेकॉर्डर होता. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, हातांनी तपासलं होतं. खोलीत काही नव्हतं. त्यांच्या सगळ्या विद्येप्रमाणे उत्तर 'नाही' होतं, आणि या खेपेला ते कमावलेलं होतं.

त्यांना चिमीचा खोकला आठवला.

त्यांनी मास्क काढला. तिथे, त्या धुळीत, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणजे आवाज नीट जाईल.

"मागची खोली," ते म्हणाले. "आहे."

सगळं थांबलं.

"आहे," ते पुन्हा म्हणाले. "मी आत आलो. मी बघितलं. आहे."

धूळ खाली बसायला लागली. मालक गुडघ्यांवर आला आणि खोकू लागला. आणि भावजींच्या कानाशी, अगदी जवळ, कुणीतरी म्हणालं...

"उशीर... केलास."

चिमीचा खोकला त्याच दुपारी थांबला. ताई म्हणते, बोलता बोलता थांबला, आणि पोरीने खायला मागितलं.

त्या इमारतीला आता कुलूप आहे. पाळणाघर झालं नाही. मालकाने पुष्कळ लोकांना सांगितलं की तिथे काही नव्हतं, एका वेड्या सर्वेवाल्याने नुकसान केलं. अजूनही सांगतो, पण थांबून थांबून. जिना चढत नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. सगळे म्हणतात, छातीत काही नाही.

ताईने नोकरी सोडली. चिमीला डोळ्यांआड करवत नाही तिला.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती सांगितली नसती.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दार चिमीने उघडलं. आता मोठी झाली आहे. तिने तळवा पुढे केला.

"मामा, थांब. बरोबर कोण आहे?"

मी हसलो. "कोण असणार?"

आतून ताई आणि भावजी दोघंही एकदम बाहेर आले. दोघांचे चेहरे पांढरे. भावजी घाईघाईने म्हणाले, "आहेत. आहेत, चिमे. सगळे आहेत. येऊ दे त्याला."

मग त्यांनी मला बसवून हे सगळं सांगितलं. त्या घरात आता 'कुणी नाही' असं कुणी म्हणत नाही. फोनवर नाही, दारावर नाही, चेष्टेतही नाही. गॅलरीचं दार कायमचं बंद आहे. काचेला आतून कागद लावलाय. मी विचारलं, पलीकडे काय आहे?

"मी तिकडे गेलो नाही," भावजी म्हणाले. "आणि जिथे गेलो नाही तिथे काय धरायचं, हे तुला माहीत आहे."

मी त्यांना समजावलं. मनावर घेऊ नका, पोरीच्या आजारपणाचा ताण आला असेल. शहाण्या नातेवाइकाने जे बोलायचं ते सगळं बोललो. बाहेर पडलो तेव्हा दुपार होती. जिन्यात मला वाटलं की कुणीतरी शर्टाला मागून हात लावला. लागला असेल कठडा.

घरी पोचलो. बायकोने दार उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"कोणाला घेऊन आलात?"

मी थकलो होतो. चप्पल काढत होतो. तोंडून गेलं ते गेलं.

"कुणी नाही."

आमच्याकडे धुणं मशीनमध्ये होतं. आज सकाळपासून मशीन बंद आहे. बायको बाहेर गेलीय, मी हे लिहीत बसलोय. बाहेर लख्ख ऊन आहे, आणि मागच्या गॅलरीत...

मी उठून बघणार नाही.

आहे. आहे. आहे.